अल्गाँक्विनमध्ये ४ दिवस कनू कॅम्पिंग, पोरांना घेऊन. झेपेल का?

मूळची_साताऱ्याची:
नमस्कार मंडळी. आम्ही टोरंटोजवळ राहतो, येऊन सहा वर्षं झाली. दरवर्षी कार कॅम्पिंग करतो, म्हणजे गाडीशेजारी तंबू, शेजारच्यांचं ब्लूटूथ स्पीकरवरचं गाणं आणि वीस पावलांवर शॉवर. यंदा नवऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलंय की अल्गाँक्विनला (टोरंटोच्या उत्तरेचं मोठं राखीव उद्यान) खऱ्या जंगलात कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन जायचं, एका तलावातून दुसऱ्यात, रोज नवीन जागी मुक्काम. त्याने नेटवरून एक लूप काढलाय: कनू लेक - जो लेक - बर्न्ट आयलंड - ऑटरस्लाइड - बिग ट्राउट - मॅकिंटॉश - टॉम थॉमसन - परत कनू लेक. जुलैचा शेवट, ४ दिवस ३ रात्री. आम्ही दोन कुटुंबं, चार मोठे आणि दोन पोरं (माझी ११ ची लेक, मैत्रिणीचा ९ चा मुलगा). कनूचा अनुभव म्हणाल तर एकदा तलावात तासभर भाड्याने घेऊन गोल गोल फिरलो होतो, अक्षरशः गोल. पोहता नवऱ्याला आणि लेकीला येतं, मला बुडता येतं. 😅
कोणी केलंय का असं? खाण्याचं काय करता, मी शाकाहारी आहे. आणि अस्वलं?

वल्हेकरी:
ताई, आधी तो लूप पुसून टाका. लूप छानच आहे, लोक करतात, पण रोज आठ-आठ तास वल्हवणारे करतात, आणि तेही चारपेक्षा पाच दिवसांत बरे. नकाशावर तलाव एकमेकांना चिकटलेले दिसतात म्हणून फसायला होतं, मधे जमीन असते आणि त्या जमिनीवरून कनू डोक्यावर घेऊन चालायचं असतं, ते पोर्टेज. मॅकिंटॉशकडून टॉम थॉमसनकडे येताना एक पोर्टेज दोन किलोमीटरच्या वर आहे. पोरं असली की सामान एका खेपेत जात नाही, दोन खेपा म्हणजे तेच अंतर तीनदा चालायचं, म्हणजे सहा-सात किलोमीटर, त्यातले चार ओझ्यासकट, चढ-उतार, मुळं, चिखल. दुसऱ्या दिवशी नवऱ्याशी बोलणं बंद होईल.

एकदा स्वतः उचलली की कळतं. कनूच्या मधोमध एक आडवं लाकूड असतं खांद्यावर टेकायला, योक म्हणतात, ते मानेशी बसलं की कनू टोपीसारखी डोक्यावर. समोरचं काही दिसत नाही, फक्त स्वतःचे बूट आणि चारेक फूट वाट. आणि डास नेमके त्या टोपीच्या आत येऊन जमतात आणि दोन्ही हात कनूला अडकलेले. मी पहिल्या वेळी तोंडाने फू फू करत चाललो होतो, बायको मागून विचारतेय बासरी वाजवतोयस का. म्हणून भाड्याने घ्याल तेव्हा चार पैसे जास्त गेले तरी केव्हलरची (हलक्या पण मजबूत धाग्याची) घ्या, वीस किलोच्या आसपास असते. प्लॅस्टिकची जड कनू स्वस्त पडते पण खांदा मोडतो.

माझा सल्ला, कनू लेकवरून उत्तरेला जा, टोकाला २९५ मीटरचं एक पोर्टेज आहे, रुंद वाट, सगळे नवशिके तिथेच शिकतात, कधीकधी चक्क ट्रॅफिक असतो. ते झालं की जो लेक, मग टीपी लेक, मग एक वळणावळणाची छोटी नदी, कमळाची पानं बाजूला सारत जायचं, मग लिटलडो आणि टॉम थॉमसन लेक. पुढे सगळं पाण्यातूनच, कनू पुन्हा डोक्यावर घ्यायची नाही. दोन रात्री एकाच जागी तंबू ठेवा आणि मधला दिवस रिकाम्या कनूने फिरा. रोज तंबू मोडून बांधण्यात अर्धा दिवस जातो हो, आणि मूस (आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा) दिसायचा तर सकाळी लवकर शांत पाण्यावर दिसतो, तेव्हा आपण तंबूच्या काठ्या शोधत असतो.

बुकिंग आत्ताच करा, पाच महिने आधी उघडतं आणि मार्च चालू आहे. बुकिंग तलावाचं होतं, जागेचं नाही. तलावावर नारिंगी पाट्या दिसतात त्या कॅम्पसाइट, जो आधी पोचेल त्याची. म्हणून दुपारी दोनच्या आत पोचा. आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारची सुट्टी टाळा.

थालीपीठ_प्रेमी:
खाण्याचं मी सांगते, चार वेळा जाऊन आलोय. आत टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, म्हणजे छोल्यांचा डबा, लोणच्याची बरणी विसरा. पण आपलं देशावरचं खाणं या कामाला जणू बनवलेलंच आहे. भाजणी न्या, थालीपीठ कुठल्याही तव्यावर होतं. मेतकूट आणि तांदूळ. पिठल्याचं पीठ घरीच हळद-तिखट-मीठ घालून झिपलॉकमध्ये. सांजा भाजून न्या, वर फक्त उकळतं पाणी. डिंकाचे लाडू पोर्टेज संपल्यावर एकेक, मुलं लाडवासाठी पळत चालतात. कांदे-बटाटे पहिल्याच रात्री संपवा, वजन आहे ते. मी पहिल्या ट्रिपला कुकर नेला होता 🙈 अजून सासरी विषय निघतो.

लिंबाचं लोणचं छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत चालतं, डबी परत आणायची. कचरा सगळा परत आणायचा, चहापत्तीसुद्धा. भांडी तलावात घासायची नाहीत, पाणी वर आणून झाडीत आत जाऊन घासा. पिण्याचं पाणी तलावाचंच, पण फिल्टर करून नाहीतर उकळून, कितीही स्वच्छ दिसलं तरी. इथे जिआर्डियाला (दूषित पाण्याने होणारा पोटाचा आजार) लोक बीव्हर फीवर म्हणतात आणि तो जंगलात नाही, घरी आल्यावर आठवड्याने कळतो.

मूळची_साताऱ्याची:
बापरे, किती छान लिहिलंत दोघांनी! नवऱ्याला वाचून दाखवलं, तोंड पडलंय पण २९५ मीटरला तयार झालाय. पण मग फोडणीचा वास? अस्वल हिंगावर येत नाही ना? हसू नका, खरंच विचारतेय.

दोन_वल्ही_एक_तंबू:
हिंगाचं माहीत नाही पण टूथपेस्टवर येतं. वासाचं सगळं, म्हणजे साबण, ओडोमॉस, पोरांच्या खिशातली चॉकलेटं, एका पिशवीत घालून रात्री दोरीने झाडाला टांगायचं, चारेक मीटर उंच आणि खोडापासून लांब. तंबूत काही म्हणजे काहीच नाही. अस्वलं काळी असतात, बहुतेक लांबूनच निघून जातात, मी बारा वर्षांत एकदा पाहिलं तेही पार्कातून जाणाऱ्या हायवे ६० वर गाडीतून. खरा चोर चिपमंक, आपल्या खारीएवढा. दिवसाढवळ्या माझ्या सॅकला भोक पाडून शेंगदाणे नेलेत.

मला अस्वलापेक्षा वाऱ्याची भीती वाटते आणि ते कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कनू लेक लांबट आहे उत्तर-दक्षिण, जिथून निघतो तो धक्का दक्षिणेला. परतताना वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा म्हणजे जवळजवळ तोंडावर, आणि दुपारी वाढतो. आम्ही दुसऱ्या ट्रिपला शेवटच्या दिवशी मस्त आरामात चहा-पोहे करून अकराला निघालो, जो लेकपर्यंत काही नाही, पोर्टेज ओलांडून कनू लेकवर आलो तर लाटांवर पांढरा फेस. मी मागे बसून कनू सरळ ठेवायचा प्रयत्न करतोय, पुढे मित्र जीव खाऊन वल्हवतोय आणि काठावरचं एकच झाड अर्धा तास तिथेच. त्यात कॉटेजवाल्यांच्या मोटरबोटींच्या लाटा आडव्या. एका लाटेला पाणी आत आलं, पाणी उपसायचं भांडं सॅकखाली दाबलेलं, टोपीने उपसलं. बुडालो नाही पण काठाला लागलो तेव्हा हात थरथरत होते. तेव्हापासून शेवटच्या दिवशी पहाटे पाचला उठतो, चहा पलीकडे पोचून.

तेव्हा काठाकाठाने जा, मधून नको. वजन खाली आणि मधे, पोरगं मधे खाली सॅकला टेकून बसवा. लाइफ जॅकेट कायद्याने होडीत असलं म्हणजे झालं, पण तुम्ही ते अंगातच घाला, आणि मुलांचं त्यांच्या मापाचं, मोठ्यांचं घट्ट करून नाही. शिट्टी जॅकेटलाच बांधा. आत गेलात की फोन बंद, रेंज नाही, घरी कोणाला तरी कुठला तलाव आणि कधी परत ते लिहून द्या.

आणि गोल फिरण्यावर इलाज आहे. मागे बसणाऱ्याने वल्हं मागे नेलं की शेवटी अंगठा खाली वळवून पाणी थोडं बाहेर ढकलायचं, जे-स्ट्रोक. मे-जूनमधे जवळच्या तलावावर दोन रविवार घाला. आणि एकदा मुद्दाम कनू उलटी करून बघा, काठाजवळ. बुडता येणाऱ्यांनी विशेष. 🙂

अभ्यासू_बेडूक:
थोडं अवांतर. टॉम थॉमसन लेक ज्याच्या नावाचा, तो चित्रकार याच कनू लेकमध्ये गेला. ८ जुलै १९१७ ला एकटाच कनू घेऊन निघाला, आठ दिवसांनी प्रेत सापडलं. चांगला वल्हवणारा होता, त्यामुळे अपघात की घात यावर लोक अजून भांडतात. तलावाच्या काठी त्याच्या आठवणीचा दगडी स्तंभ आहे १९३० चा, जाताना कनू लावून बघता येतो. फक्त पोरांना ही गोष्ट रात्री सांगू नका, कारण रात्री लून (तलावातले पाणपक्षी) ओरडतात. आपली टिटवी काहीच नाही, लून म्हणजे लांब हेल काढून कोणीतरी रडतंय असं वाटतं. आमच्या सौ. पहिल्या रात्री तंबूत बसून रामरक्षा म्हणत होत्या.

मूळची_साताऱ्याची:
बुक केलं!! दोन रात्री टॉम थॉमसन लेक, शेवटची जो लेक, म्हणजे सकाळी कनू लेक जवळ. केव्हलरच्या दोन सांगितल्यात. रामरक्षा मलाही पाठ आहे. एकच राहिलं, लेक विचारतेय बाथरूमचं काय, मी अजून उत्तर दिलेलं नाही.

थालीपीठ_प्रेमी:
थंडर बॉक्स! प्रत्येक कॅम्पसाइटच्या मागे झाडीत एक लाकडी पेटी असते, झाकण उघडायचं, भोकावर बसायचं, भिंत नाही दार नाही, समोर जंगल. दिवसा एकदा वाट बघून ठेवा आणि हेडलॅम्प प्रत्येकाचा वेगळा घ्या. कागदाची गुंडाळी झिपलॉकमध्ये, नाहीतर पावसात लगदा. आमचा मुलगा पहिल्या दिवशी नाही म्हणाला, दुसऱ्या दिवशी बोलावून आणावा लागला, समोर हरीण चरत होतं म्हणे.