मदत हवी आहे : नोकरी सांभाळून पुरातत्त्व शिकायचंय

नमस्कार मंडळी. वय ४७, शिक्षण बीकॉम, नोकरी पुण्यात.

घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. म्हणजे त्याच जमिनीवर आई रोज वावरत असणार. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

आता नीट शिकायचंय. लाल अंगावर काळी नक्षी असलेलं, त्या काळातलं जोर्वे खापर (जोर्वे गावावरून नाव पडलेलं) कसं ओळखायचं, मातीचे थर कसे वाचायचे, सगळंच. मोकळा फक्त रविवार. इतिहासाची पदवी नसताना अर्धवेळ पदविका कोणी केली आहे का? मराठीतून सुरुवात कुठून करू? आणि खापरं प्रत्यक्ष हातात घेऊन कुठे शिकवतात?