गेमचे थेट प्रक्षेपण सुरू केले की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. भार कसा कमी करावा?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. माझ्या संगणकात इंटेल आय५-१०४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे. मी व्हॅलरंट खेळताना मराठीतून समालोचन करतो. ते ओबीएस स्टुडिओ या प्रक्षेपण व रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून थेट प्रक्षेपित होते आणि त्याच वेळी हार्ड डिस्कवर रेकॉर्डही होते. प्रक्षेपण सुरू होताच प्रोसेसरचा वापर शंभराला भिडतो, एन्कोडिंगचा (चित्र आकुंचित करण्याच्या कामाचा) भार पेलत नसल्याचा इशारा येतो आणि पाहणाऱ्यांना चित्र अडखळत दिसते. दोन्हीकडे १०८०पी, ६० फ्रेम, एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) आणि ‘मीडियम’ प्रीसेट (एन्कोडरची तयार सेटिंग) आहे. बिटरेट (सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण) ६०००वरून ३५००वर आणला, तरी काहीच फरक पडला नाही. चवथीच्या सुट्टीत मित्रांसोबत रोज प्रक्षेपण करण्याचा बेत आहे. नवीन प्रोसेसर घेणे मात्र सध्या परवडणारे नाही.

उत्तर (म्हापसा)
नवीन प्रोसेसरची गरज नाही. बिटरेट कमी केल्याने इंटरनेटवरचा भार हलका होतो. प्रोसेसरला मात्र तेवढ्याच फ्रेम तपासून आकुंचित कराव्या लागतात, म्हणून आपल्याला फरक दिसला नाही. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर १२ कोटींहून अधिक पिक्सेल झाले, आणि प्रक्षेपण व रेकॉर्डिंग यांसाठी वेगवेगळे एन्कोडर असल्यामुळे हे काम आपला प्रोसेसर दोनदा करतो. माझ्या मते खरी चूक हीच आहे. त्यातून ‘मीडियम’ हा प्रीसेट ओबीएसच्या मूळच्या ‘व्हेरीफास्ट’पेक्षा बराच जड आहे.

आउटपुटच्या सेटिंगमध्ये एक्स२६४ऐवजी एनव्हिडियाचा एनव्हेंक हा एन्कोडर निवडावा. तो ग्राफिक्स कार्डावरील स्वतंत्र भाग असल्याने एन्कोडिंगचा जवळजवळ सगळा भार प्रोसेसरवरून उतरतो. रेकॉर्डिंगसाठी ‘स्ट्रीम एन्कोडर वापरा’ हा पर्याय ठेवल्यास एकदाच केलेले एन्कोडिंग दोन्हीकडे जाते. मात्र मग रेकॉर्डिंग मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येत नाही. इंटेलचा क्विक सिंकही याच कामाचा आहे, परंतु आपल्या प्रोसेसरच्या नावातील ‘एफ’चा अर्थ त्यात अंतर्गत ग्राफिक्स नाही असा होतो, त्यामुळे तो मार्ग आपल्यासाठी बंद आहे.

उत्तर (डिचोली)
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, तरी एक गोष्ट नोंदवतो. १६५०च्या मूळ आवृत्तीतील एन्कोडर १६५० सुपरमधील एन्कोडरपेक्षा एक पिढी जुना आहे, त्यामुळे कमी बिटरेटला वेगवान दृश्ये थोडी पुसट दिसतील. अशा वेळी १०८०पीचा हट्ट न धरता ७२०पी, ६० फ्रेम ठेवावे; पिक्सेल निम्म्याहून कमी होतात आणि तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र अधिक स्वच्छ राहते.

गेमची फ्रेममर्यादाही अवश्य बांधावी. गेम मोकळा सोडला तर सेकंदाला शक्य तितक्या फ्रेम काढण्यात प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही गुंततात, आणि ओबीएसला दृश्य जुळवायला कार्डावर जागा उरत नाही. ओबीएसच्या स्टॅट्स खिडकीत एन्कोडिंगमुळे गळालेल्या आणि रेंडरिंगमुळे (दृश्य जुळवताना) हुकलेल्या फ्रेम वेगळ्या दिसतात. पहिला आकडा वाढला तर एन्कोडरवर ताण आहे, दुसरा वाढला तर ग्राफिक्स कार्डावर. हे पाहिल्याशिवाय सेटिंग बदलत बसू नये.

प्रश्नकर्ता (फोंडा)
दोघांचेही मनापासून आभार. एनव्हेंक, एकच एन्कोडर, ७२०पी आणि गेमला १२० फ्रेमची मर्यादा असे काल रात्री दोन तास चालवून पाहिले. प्रोसेसर साठ टक्क्यांच्या पुढे क्वचितच गेला आणि एन्कोडिंगमुळे एकही फ्रेम गळाली नाही. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र गेम किंचित मंदावला. रेंडरिंगमुळे हुकलेल्या फ्रेमही शून्यच होत्या.

उत्तर (म्हापसा)
आकडे स्वच्छ असूनही वेळ जाईल तसा गेम मंदावत असेल, तर तापमान पाहावे. फार तापल्यावर प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. आपल्याकडच्या दमट हवेत पंख्यावर आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर धूळ चिकटून बसते. संगणक बंद करून ती मऊ ब्रशने काढावी आणि कॅबिनेट भिंतीपासून थोडे पुढे ओढावे. पावसात वीज कधीही जाते, म्हणून रेकॉर्डिंग एमपी४ऐवजी एमकेव्ही या फाइलप्रकारात करावे. मध्येच खंड पडला तरी तोवरचे चित्रण वाचते, आणि ओबीएसमधील ‘रीमक्स’ने त्याचे नंतर एमपी४ करता येते.