सोलापुरात हायब्रिड गाडी: पैसे वसूल की पैसे पाण्यात?

हुतात्मा_एक्सप्रेस
काल आपल्या गावच्या गाड्यांच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी हायब्रिडबद्दल (पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली गाडी) लिहिलं: 'हायब्रिड ही पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकची गाडी. सोलापुरात ती घेणारा म्हणजे शोरूमला सापडलेलं गिऱ्हाईक. साधी पेट्रोल घ्या आणि उरलेल्या पैशांची एफडी करा.' खाली सगळे 'एकदम बरोबर' म्हणत सुटले. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

पहिली गोष्ट, त्यांनी पुरावा म्हणून स्वतःच्या गाडीचं ॲव्हरेज दिलंय आणि ती गाडी आहे माइल्ड हायब्रिड. त्यात बॅटरी इंजिनला नुसता हात लावते, एकट्या बॅटरीवर गाडी फूटभरही सरकत नाही. मागच्या दारावर हायब्रिडचा बिल्ला आहे म्हणून स्ट्राँग हायब्रिडवर निकाल द्यायचा, हे पटत नाही.

माझी स्ट्राँग आहे, म्हणजे थोडं अंतर नुसत्या बॅटरीवरही चालते. सात रस्त्यावरून आसरा चौकाकडे जाताना पाय उचलला की इंजिन बंद, ब्रेक दाबला की बॅटरीत भर. विजापूर वेशीतल्या गर्दीत रिक्षांच्या मागे रांगत असताना इंजिनचा आवाजच नसतो. गावात ट्रॅफिक नाही म्हणणाऱ्यांनी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी एक चक्कर मारावी. पुणे हायवेला ८०-९० ला ठेवली तर लिटरला बावीस-तेवीस किमी मिळतात, शंभरच्या वर दामटली की एकोणीस. ग्रँड विटारा-हायरायडर या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडला कंपनी २७.९७ सांगते. तेवढं मला मिळालेलं नाही, पण आधीच्या पेट्रोल गाडीत तेराच्या वर कधी गेलो नव्हतो.

गणिती_मास्तर
ती पोस्ट माझीच. बिल्ल्याचा मुद्दा मान्य. आता हिशोब बघा.

महिन्याला १००० किमी धरा. साधी मॅन्युअल १५ देते, तुमची २२ देते. म्हणजे महिन्याला २१ लिटर वाचले. लिटरला १०५ रुपये धरले तर सव्वादोन हजार, वर्षाला २६-२७ हजार. गाडीच्या किमतीतला फरक अडीच लाखांच्या पुढे, वर महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, तोही त्या फरकावर. साडेदहा-अकरा वर्षांनी पैसे फिटणार. अडीच लाखांची एफडी साडेसहा टक्क्यांनी केली तर वर्षाला सोळा हजार व्याज घरी बसून येतं. मग खरी बचत राहिली किती? सोलापुरातला नोकरदार माणूस घर ते ऑफिस आणि वर्षातून चार वेळा पुणे करतो. त्याला हे परवडतं असं म्हणणं ही त्याची फसवणूक आहे.

क्लच_नको
मास्तर, हिशोब बरोबर, पण तुम्ही मॅन्युअलशी तुलना केलीत. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आईला तपासणीला पुण्याला मीच घेऊन जाते. मला क्लच दाबणं जमत नाही. स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच येते, मग तुलनाही ऑटोमॅटिकशीच व्हायला हवी. तिथे किमतीतला फरक दीड लाखाच्या आसपास येतो आणि साधी ऑटोमॅटिक गावात १२ च्या वर जात नाही. तुमच्याच पद्धतीने मांडा: १००० किमीला जवळपास ३८ लिटरचा फरक. टॅक्स धरूनही साडेतीन वर्षांत फिटतात. ज्यांचे दोन्ही पाय धड आहेत त्यांनी दुसऱ्यांच्या गाडीला मूर्खपणा म्हणू नये.

गणिती_मास्तर
ताई, मूर्खपणा हा शब्द मी वापरलेला नाही. गिऱ्हाईक म्हटलं होतं.

क्लच_नको
अर्थ तोच होता.

स्टेशनरोड_टुरिस्ट
आमच्याकडं अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूरचे भाविक असतात. डिझेलवर पोट हाय आमचं. एक सांगतो ओ, सगळे ॲव्हरेज ॲव्हरेज करतात, बिघडल्यावर कोण बघणार? बॉनेट उघडलं की ते जाड केशरी वायर दिसतात ना, ते लई व्होल्टेजचे. आमचा मिस्त्री वीस वर्षांचा जुना, पण त्याला हात लावत नाही, बरोबरच हाय त्याचं. आमच्या आळीत एकाच्या गाडीत उंदरानं वायर कुरतडली, गाडी टो करून पुण्याला न्यावी लागली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीजवळ हायवे बंद पडला तेव्हा आम्ही तिकडंच अडकलो होतो. अशा पाण्यात बॅटरीची गाडी घालायची का?

हुतात्मा_एक्सप्रेस
दादा, तेवढ्या पाण्यात कुठलीच गाडी घालायची नसते. पण उंदराचं आणि मिस्त्रीचं मानतो. आपल्याकडे घरं गोदामांना लागून, उंदीर बेसुमार. दुसरं, गाडी महिनाभर उभी राहिली तर बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरते, मग मोठी बॅटरी असूनही गाडी चालू होत नाही. घेताना हे कुणी सांगत नाही. मात्र डिझेलचं कौतुक नको. गावातल्या गावात फिरणाऱ्या बीएस-६ डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदला की काय होतं, माझ्या मेव्हण्याला विचारा.

छतावर_सोलर
जुळे सोलापुरात बंगला, वर सोलर, खाली ईव्ही. विषय संपला. जीएसटी बघा: ईव्हीला ५ टक्के, चार मीटरच्या वरच्या हायब्रिडला ४०.

क्लच_नको
बंगला असेल तर संपला. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवायला कमिटी परवानगी देत नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत तो कर ४३ टक्के होता, चाळीस झाला तर आनंद मानायचा का? उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडची नोंदणी फी माफ केली. पेट्रोल खरंच कमी जळतं, मग इथे काहीच सवलत का नाही?

विडी_घरकुल
सगळे पाच-दहा टक्क्यांवर भांडताय, पण पेट्रोल म्हणून टाकीत काय भरताय ते बघा. २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे एक तृतीयांश ऊर्जा कमी. ॲव्हरेज पडणारच, हायब्रिड घ्या नाहीतर आणखी काही. आणि हे इथेनॉल येतं उसातून, ऊस वाढतो उजनीच्या पाण्यावर, आणि आम्हाला नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. रात्री दोनला उठून मोटर लावायची. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण वजा साठ टक्क्यांच्या घरात, म्हणजे पार मृतसाठ्यात गेलं होतं, तेव्हाही उसाला पाणी चालूच.

भीमाकाठ
आला का ऊस? गाडीचा धागा असो नाहीतर लग्नाचा, शहरवाल्यांना शेवटी उसावरच यायचं असतं.

नीट ऐका. देशातलं इथेनॉल आता उसापेक्षा मक्यातून आणि धान्यातून जास्त बनतं. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं घातली, कारखान्यांनी उभारलेले इथेनॉल प्रकल्प अडकले आणि त्याचा फटका आम्हाला बसला. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, १४ दिवसांत द्यायची असा कायदा आहे. आमच्या कारखान्याने गाळप संपून कितीतरी महिने झाले तरी पूर्ण दिलेली नाही. तुमच्या ॲव्हरेजमधल्या दोन किलोमीटरसाठी आम्ही शिव्या खायच्या का?

विडी_घरकुल
एफआरपीचं दुःख खरं आहे, त्यात मी तुमच्या बाजूने. पण पाण्याचं उत्तर दिलं नाहीत. धरण ११७ टीएमसीचं, त्यातला ६३ च्या वर मृतसाठा. वरचं पाणी किती पिकाला आणि किती माणसाला, हे कोण ठरवतं?

भीमाकाठ
आम्ही ठरवत नाही. ठिबक केलंय, कर्ज काढून केलंय. भीमेत तुमच्यासाठी पाणी सोडतात तेव्हा आमच्या काठावरच्या मोटारींची वीज तोडतात, पिकं वाळतात, हे कधी पाहिलंत का? तुमची पाइपलाइन किती वर्षं रखडली हे महापालिकेला विचारा, उसाला नको.

विडी_घरकुल
वीज तोडतात हे माहीत आहे. तसं केलं नाही तर शहराला पाणी देणाऱ्या औज बंधाऱ्यापर्यंत थेंब पोचत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे.

हुतात्मा_एक्सप्रेस
दोघांचंही दुःख मोठं आहे, पण इथे प्रश्न गाडीचा आहे. कृपया पाण्यासाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः तिथे लिहीन. इथेनॉलचं एवढंच: ॲव्हरेज दोन्ही गाड्यांचं पडतं. म्हणून तुलना बदलत नाही.

गणिती_मास्तर
बदलते. ॲव्हरेज पडलं की लिटरचा खप वाढतो आणि वाचणारे लिटरही वाढतात. म्हणजे इथेनॉलमुळे तुमचीच बाजू किंचित भक्कम होते. हिशोब तसा निघतो म्हणून सांगतोय, तुमच्याशी सहमत झालो असं समजू नका.

बॅटरी राहिली. टोयोटा ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी देते. दहा वर्षं गाडी वापरणाऱ्याने शेवटची दोन कशाच्या भरवशावर काढायची? आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ पर्यंत पारा जातो. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, ती धुळीने भरते. किती जण साफ करतात?

हुतात्मा_एक्सप्रेस
मी करतो. दर सर्व्हिसला फिल्टर काढून दाखवायला लावतो. पहिल्या खेपेला त्यावर ज्वारीच्या कोंड्यासारखी धूळ होती. उन्हाळ्यात एसी फुल्ल ठेवला की उभ्या गाडीतही इंजिन पुन्हा पुन्हा चालू होतं, मार्चपासून ॲव्हरेज दोनने तरी पडतं. हेही खरं. तरी साध्या ऑटोमॅटिकपेक्षा खूप पुढे.

गणिती_मास्तर
ठीक. माझी पोस्ट दुरुस्त करतो. रनिंग महिन्याला दोन हजारच्या वर असेल तर पाच वर्षांच्या आसपास पैसे फिटतात. ऑटोमॅटिकच हवी असेल तर ताईंचा हिशोब लागू, हजारालाही चालेल. बाकीच्यांनी मॅन्युअल पेट्रोल घ्यावी, यावर मी ठाम आहे. डिकी किती जाते तेही सांगा लोकांना, बॅटरी तिथेच बसते.

क्लच_नको
आईची व्हीलचेअर आडवी बसते, वर एक बॅग. दोन बॅगा नाही. शोरूममध्ये व्हीलचेअर घेऊन गेले होते, घालून बघितली, मगच बुक केली.

स्टेशनरोड_टुरिस्ट
दोन माणसांचं झालं ओ. सात भाविक, वर कॅरियरवर सामान, एसी चालू, एका दिवसात तुळजापूर-पंढरपूर करून या. टाकी फुल्ल ते फुल्ल मोजून पावती टाका इथं. पंधराच्या वर दिलं तर पुढची गाडी हायब्रिड.