गोल्फमधला स्लाइस (उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडं वळणं) घालवायला ड्रिल (एकच हालचाल घोटायचा सराव) उपयोगी की नुसता टाइमपास?

रंकाळाकाठ: स्पष्टच लिहितो, ड्रिल म्हणजे वेळ घालवणं. उजव्या हातानं खेळतो. पूर्वी ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचा (काठीचा), चेंडू डावीकडं निघून उजवीकडं वळायचा. दोन महिने गच्चीवर नेट बांधून एकच ड्रिल केलं: चेंडूच्या पलीकडं, जरा मागं पुठ्ठ्याचा खोका ठेवायचा आणि खाली येणारा क्लब त्याला लागू द्यायचा नाही. बाहेरून आत कापत येणारा स्विंग सुधारला, खोका शाबूत राहतोय. आणि चेंडू? आता निघतोच उजवीकडं, पुढं अजून उजवीकडं. बायको म्हणते, खोका तेवढा वाचला.

तांबडी_माती: दादा, खोक्याला का दोष देताय? चेंडू निघतो कुठं, हे मुख्यतः क्लबचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) ठरवतो. वळतो किती, हे फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. तुम्ही मार्ग सरळ केला, फेस उघडाच (उजवीकडं तोंड करून) राहिला. तालमीत पोरगं एकच डाव शंभरदा घोटतं, ते बरोबरच; पण पट काढायला शिकायचं असताना ढाक घोटून काय उपयोग? क्लब धरून डाव्या मुठीकडं बघा. बोटांची एकच गाठ दिसत असेल तर मूठ उजवीकडं फिरवा, दोन-तीन दिसल्या पाहिजेत. मग सात नंबरच्या आयर्ननं (पातळ डोक्याच्या क्लबनं) कमरेपासून कमरेपर्यंत अर्धाच स्विंग.

नऊ_नंबर: ग्रिपला हात लावायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. मी फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेतला, पण गोल्फला आलो क्रिकेटमधून. सरळ बॅट, तोंड शेवटपर्यंत गोलंदाजाकडं, तीच सवय मनगटात. मूठ बदलून महिनाभर नुसते हुक (डावीकडं वळणारे फटके) मारले. कामी आलं ते पाय जुळवून मारायचं ड्रिल. तोल सांभाळायचा म्हटलं की ताकद लावता येत नाही, हात आपोआप फिरतात.

तांबडी_माती: हुक बसले म्हणजे फेस बंद झाला की वो! ग्रिपचा परिणाम होतो, हे तुम्हीच सांगितलंत.

नऊ_नंबर: परिणाम होतो, इलाज होत नाही.

साठीचा_पोरगा: भांडा निवांत. चेंडू फेसवर लागतो कुठं, हे कुणीच विचारलं नाही. पायाला मारायचा पावडरचा स्प्रे ड्रायव्हरच्या फेसवर मारा, पाच चेंडू खेळा, ठसे बघा. ठसा शाफ्टकडच्या (दांड्याकडच्या) बाजूला, म्हणजे हीलला असेल, तर स्विंग चांगला असूनही चेंडू उजवीकडं वळतो. ड्रायव्हरचं डोकं जाड, कडेला फटका बसला की ते पिळतं आणि चेंडूला बाजूची फिरकी मिळते. आयर्नला हा त्रास फार नाही. आणि गच्चीवर चेंडू वळायच्या आत जाळीत जातो, तिथं चूक दिसणार कशी?

रंकाळाकाठ: स्प्रे मारला. पाचातले तीन ठसे हीलला. मुठीची गाठ एकच दिसतेय. उभा राहतो तोही चेंडूच्या फार जवळ, हे आज कळलं. आधी मूठ बदलतो, पाय जुळवणं नंतर. पण त्या खोक्याचं ड्रिल वायाच गेलं, हे माझं मत कायम.

तांबडी_माती: खोका रद्दीत घालू नका. मूठ बदलल्यावर परत लागेल.