मदत हवी आहे: टेन्सरची समीकरणं कानाने आणि बोटाने वाचायची कशी?

नमस्कार मंडळी,

माझा भाचा जन्मतः अंध आहे. सध्या एमएस्सी फिजिक्स करतोय आणि पुढे सामान्य सापेक्षतेत संशोधन करायचं म्हणतो. मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे 'मामा, काहीतरी जुगाड कर' हे माझ्याच वाट्याला येतं.

साधा मजकूर तो एनव्हीडीएवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) इतक्या वेगाने ऐकतो की मला त्यातला एक शब्द लागत नाही. घोडं अडतं ते टेन्सरच्या समीकरणापाशी, म्हणजे वर-खाली बारीक ग्रीक अक्षरं लागलेल्या राशींपाशी. आइन्स्टाइनच्या समीकरणाची डावी बाजू घ्या: आर मू नू, वजा अर्धा, जी मू नू, आर. पीडीएफमधून त्याच्या कानावर येतं 'आर मू नू एक दोन जी मू नू आर'. वजाचं चिन्ह गेलं, अपूर्णांकाची रेघ गेली, अर्ध्याचे एक-दोन झाले. ही ओळ त्याला पाठ आहे म्हणून निभावतं. ख्रिस्टोफेल चिन्हात (मोठा गॅमा) लॅम्डा वर आणि मू-नू खाली असतात, पीडीएफ तिघांना एका रांगेत उभं करते. टेन्सरमध्ये अक्षर वर की खाली यावर तर सगळं गणित. वरचं खाली आणायचं तर मेट्रिक (वरच्या ओळीतलं जी मू नू) लावावं लागतं.

विचारायचं असं:

सरांच्या नोट्स हाताने लिहून स्कॅन केलेल्या आहेत. त्या ऐकता येतील अशा कशा करायच्या?

पेनरोज आकृत्या (कृष्णविवरासकट सगळा अवकाश-काळ एका कागदावर बसवणाऱ्या) बोटाने वाचता येतील का? माझ्या डोक्यात सोलेनॉइडने (विजेच्या चुंबकाने) पिना वरखाली होणारी पाटी आहे, पण खर्चाचा हिशेब बसत नाही.

आणि परीक्षा. मागच्या सेमिस्टरला मिळालेल्या रायटरला ग्रीक अक्षरंच येत नव्हती. 'झाय' म्हणजे कोणतं ते भाचा टेबलावर बोटाने काढून दाखवत होता.

— पिस्टन

सापेक्ष:

पीडीएफचा नाद सोडा, लेटेकची (गणित साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीची) मूळ फाइल मागा. पीडीएफला समीकरण कळत नाही, तिला फक्त कुठलं अक्षर कागदावर कुठे छापायचं एवढंच ठाऊक असतं. मूळ फाइलीत 'बॅकस्लॅश गॅमा, कॅरट लॅम्डा, अंडरस्कोअर मू नू' असं सरळ लिहिलेलं असतं: कॅरट म्हणजे वर, अंडरस्कोअर म्हणजे खाली. ऐकायला लांबलचक, पण गोंधळ शून्य. तुमच्या विषयात निम्मं काम इथेच होतं, कारण सापेक्षतेतले बहुतेक शोधनिबंध आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर असतात आणि तिथे बऱ्याच निबंधांची टेक्स (म्हणजे लेटेकची) फाइल कुणालाही उतरवून घेता येते. डिसेंबर 2023 पासून नव्या निबंधांची एचटीएमएल आवृत्तीही तिथेच मिळते. तिच्यात समीकरणं मॅथएमएलमध्ये (वेबपानावर गणित लिहायची भाषा) असतात, चित्र म्हणून नाही. एनव्हीडीएला मॅथकॅट हे गणित वाचणारं सॉफ्टवेअर जोडलं की समीकरणाच्या आत शिरून एकेक पद ऐकता येतं. जुन्या निबंधांच्या एचटीएमएल आवृत्तीसाठी एआर५आयव्ही (ar5iv) हे संकेतस्थळ बघा.

हे काम सुरू करणाऱ्यांतला एक माणूस आपल्या पुण्यात वाढलेला आहे, हे इथे सांगायलाच हवं. टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. पुण्यात गणित, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेल. तिथे 1994 च्या प्रबंधासाठी त्यांनी लेटेक बोलून दाखवणारी 'अ‍ॅस्टर' ही प्रणाली केली. घातांक चढ्या सुरात, खालची अक्षरं उतरत्या सुरात. म्हणजे 'वर', 'खाली' हे शब्द उच्चारायचीही गरज नाही.

सहा टिंबं:

मी ब्रेल शिकवते, म्हणून दोन शब्द. आवाज वाचायला बरा, पण पानभर गणित करायचं तर बोटाखाली ओळ हवीच. ऐकलेलं समीकरण डोक्यात धरून ठेवावं लागतं, ब्रेलमधलं मागे जाऊन चाचपता येतं. नेमेथ संकेतात (गणितासाठीचं ब्रेल) वर जाण्यासाठी ४-५ टिंबं, खाली जाण्यासाठी ५-६ आणि मूळ ओळीवर परतायला नुसतं ५. भाच्याला नेमेथ येतं का? शाळेत अंकगणितापुरतंच शिकवून सोडलं असेल तर आधी ते पक्कं करा.

पिनांच्या पाटीबद्दल स्पष्टच बोलते, राग मानू नका. डोळस इंजिनिअर मंडळींना यंत्र करायची हौस फार, आणि दरवेळी ते यंत्र कपाटात जातं, कारण वापरणाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं. पेनरोज आकृतीला फुगणारा कागद पुरतो. काळ्या शाईत छापायचं, तापवायच्या यंत्रातून काढायचं. काळं उष्णता जास्त शोषतं, तेवढंच वर येतं. मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्रात विचारा, दिल्लीत आयआयटीच्या मंडळींचं स्पर्शचित्रांवर मोठं काम आहे. मात्र पुस्तकातली आकृती जशीच्या तशी छापू नका. प्रकाशाच्या ४५ अंशांच्या रेषा सलग, क्षितिज तुटक, सिंग्युलॅरिटी नागमोडी, आणि रेषा एकमेकींपासून लांब. नावं आकृतीत कोंबायची नाहीत, एकेक ब्रेल अक्षर ठेवून खुलासा वेगळ्या पानावर. पहिला नमुना छापला की भाच्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. कुठे अडखळतो ते बघा.

सापेक्ष:

+१. परीक्षेचं राहिलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जादा वेळ आणि लेखनिक आहेच. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत, शक्य तिथे ब्रेल की संगणक हे परीक्षार्थीने निवडावं असंही होतं. त्याच सूचनांत स्वतःचा लेखनिक आणला तर तो एक पायरी कमी शिकलेला हवा अशी अट होती. 2025 मध्ये नव्या सूचना आल्या, त्या बघून घ्या. कॉपी होऊ नये म्हणून ठीक, पण टेन्सर लिहायला बसवायचा तर असली अटच आड येते. त्यामुळे संगणक मागा आणि उत्तरं लेटेकमध्ये टाइप करू द्या. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तोंडी विनंतीवर काही होत नाही.

पिस्टन:

दोघांचे आभार. धागा भाच्याला वाचून दाखवला. पाटी नको, असं तो म्हणाला. आधी म्हणे, सरांच्या नोट्स लेटेकमध्ये आण. नेमेथ त्याला अर्धवट येतं, त्याबद्दल ताईंना व्यनि करतो.

नोट्स कुणी टाइप केल्या तर सरांची हरकत नाही, पण मूळ फाइल नाहीच, सगळं हातानेच लिहिलेलं. हस्ताक्षर वाचणारी एक-दोन सॉफ्टवेअर चालवून पाहिली. मजकूर बरा येतो, पण नू आणि व्ही यांची सरमिसळ होते, म्हणजे प्रत्येक ओळ तपासणं आलंच. तेव्हा आता मागणी बदलतो: लेटेक येणारं आणि सापेक्षता शिकलेलं कुणी आठवड्यातून दोन-चार पानं टाइप करून देईल का? पहिलं प्रकरण वक्रतेचं आहे. रीमान टेन्सरच्या (वक्रता मोजणारा टेन्सर) अधिक-वजा चिन्हाचा संकेत सरांचा कोणता, ते मी विचारून इथे टाकतो, म्हणजे सगळ्यांचं एकसारखं राहील.