बी विंग आणि रोहनचा हेडफोन

देशपांडे काका (बी-३०२): सर्व सभासदांस नमस्कार. काल रात्री ११ वाजून ४० मिनिटांपर्यंत वरच्या मजल्यावरील बास (म्हणजे खालच्या, खोल स्वरांच्या) स्पीकरमुळे आमच्या देवघरातील घंटी आपोआप किणकिणत होती. कोजागिरीच्या वेळी जे ठरले होते त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागते, याचा खेद वाटतो. गाण्याचा एक शब्दही खाली येत नाही, येते ती केवळ धपधप.

कदम वहिनी (बी-४०२): काका, मनापासून क्षमा असावी. आजपासून रात्री स्पीकर लागणार नाही. रोहनला हेडफोन घेऊन द्यायचे ठरवले आहे, मात्र त्याच्या बाबांनी ५,००० रुपयांच्या वर एक पैसाही देणार नाही असे बजावले आहे. त्याला हेवी मेटल आणि इलेक्ट्रॉनिक असे संगीताचे दोन्ही प्रकार ऐकायचे असतात. जाणकारांनी कृपया सुचवावे.

लेले काका (ए-२०२): जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासच ऐकावा, आणि ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. हेडफोन घेण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

सावंत (ए-१०४): वहिनी, फार शोधाशोध करू नका. मी दिवाळीत ब्लूटूथचा, जादा बासचा हेडफोन घेतला आहे. कवटी हलते अक्षरशः.

सई (सी-६०१): सावंतकाका, मेटलसाठी तोच घात आहे. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत ड्रमर दोन्ही पायांनी चौपट वाजवू लागला, की सेकंदाला तेरा ठोके पडतात. फुगवलेल्या बासमध्ये एक ठोका विरायच्या आत दुसरा येतो आणि सगळ्याचा मिळून एकच घुमारा होतो. त्यातच गिटारच्या मुद्दाम फाडलेल्या आवाजाची आधीच दाट असलेली भिंत मिसळली, की गायक विहिरीतून ओरडतो आहे असे वाटू लागते.

फाटक आजोबा (बी-१०१): सेकंदाला तेरा म्हणजे तबल्याचा रेलाच झाला की. डग्गा ओलसर राहिला तर रेला चिखलात जातो, हे आमचे गुरुजीही सांगत.

सई (सी-६०१): आजोबा, अगदी तेच. मात्र इलेक्ट्रॉनिकची मागणी याच्या उलट असते. तिथे ठोका साधारण एका मात्रेला एकच, पण त्याची शेपटी ४०-५० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपने; आकडा लहान तितका स्वर खोल) खाली उतरते आणि तिथे हेडफोन गप्प बसला, तर गाण्याचा पायाच नाहीसा होतो. म्हणून बास खोलवर पोहोचणारा हवा, पण फुगलेला नको. फुगवटा बहुधा १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि स्वस्त हेडफोनमध्ये ‘दणदणीत’ म्हणून तोच विकला जातो.

सावंत (ए-१०४): माझ्या डब्यावर २० ते २०,००० हर्ट्झ असे स्पष्ट छापलेले आहे.

सई (सी-६०१): ते सगळ्यांच्याच डब्यावर छापलेले असते, काका.

लेले काका (ए-२०२): ८० डेसिबलचा मुद्दा कोणी वाचला का?

देशपांडे काका (बी-३०२): मुलाचे कान हा त्याच्या पालकांचा प्रश्न आहे, माझ्या घंटीचे काय ते सांगा. आणि रात्री १० ते सकाळी ६ यांबाबत २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, हेही नम्रपणे नमूद करतो.

सावंत (ए-१०४): हे नियम गणपतीत आपल्या विंगखाली लावलेल्या स्पीकरला लागू नव्हते, असे दिसते.

देशपांडे काका (बी-३०२): त्या स्पीकरची वर्गणी अद्याप कोणाकडून यायची आहे, हे मी येथे लिहिणार नाही.

चिटणीस (सी-२०३): कृपया हेडफोनवरच बोलावे. सई, मॉडेल सुचवतेस का?

सई (सी-६०१): बंद पाठीचा आणि वायरवाला घ्यावा. फिलिप्सचा एसएचपी ९५०० मोकळा आणि सुरेख वाजतो. परंतु त्याची पाठ उघडी असल्याने निम्मे गाणे खोलीत ऐकू येते आणि खोल बासही पातळ पडतो. सोनीचा एमडीआर-७५०६ तर १९९१ पासून स्टुडिओंमध्ये आहे, पण तो या बजेटबाहेर जातो आणि त्यावर मेटलच्या झांजा कानाला टोचतात. माझे मत ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम२०एक्सला. सर्वांत खालचा बास त्यात थोडा कमी आहे, पण ठोके सुटे ऐकू येतात. सवलतीत पाच हजारांत बसतो का, ते पाहावे लागेल. २५० ओहमचे, म्हणजे जास्त विद्युत रोधाचे मॉडेल स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये, कारण मोबाईलला ते पुरेशा जोराने वाजवता येत नाही.

रोहन (बी-४०२): सईताई, माझ्या मोबाईलला हेडफोनचे भोक नाही. आणि एम२०एक्सची वायर तीन मीटर असून काढता येत नाही, असे वाचले.

सई (सी-६०१): टाइप-सीचा लहान जोड मिळतो. वायर गुंडाळून रबर लाव. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो, आणि तू लॅपटॉपवर बीट्स बनवतोस असे वहिनी म्हणाल्या होत्या. बटण दाबल्यावर ठोका मागून आला तर वैतागशील.

फाटक आजोबा (बी-१०१): या बीट्सच्या यंत्रांवर १९८२ साली आपल्या मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी राग वाजवले होते. रोलँड कंपनीची ८०८ (ड्रमचे) आणि ३०३ (बासचे) ही यंत्रे. तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही, आज परदेशी लोक ते शोधून ऐकतात.

लेले काका (ए-२०२): जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासच ऐकावा.

कदम वहिनी (बी-४०२): लेले काका, वाचले, लक्षात ठेवले, आभारी आहे.

रोहन (बी-४०२): सईताईंचा बंद पाठीचा जुना हेडफोन आज संध्याकाळी लावून पाहिला. खरे सांगतो, बास अजिबात नव्हता. पत्र्याच्या डब्यासारखे वाजत होते.

सई (सी-६०१): चष्मा काढला होतास का?

रोहन (बी-४०२): नाही.

सई (सी-६०१): चष्म्याची दांडी हेडफोनच्या कानावरच्या गादीखाली गेली की तिथे फट राहते आणि खालचा बास त्या फटीतून निसटून जातो. चष्मा काढून पुन्हा ऐक.

रोहन (बी-४०२): काढला. ताई, अहो, हे तेच गाणे आहे? दांडी गादीच्या वर चढवून पाहिली, तरीही बास येतो, फक्त चष्मा कपाळावर तिरका बसतो.

कदम वहिनी (बी-४०२): तो आत्ता तसाच बसला आहे. फोटो टाकत नाही, त्याने शपथ घातली आहे.

सई (सी-६०१): इलेक्ट्रॉनिक ऐकताना ईक्यूमध्ये (खोल-उंच स्वर वेगवेगळे कमी-जास्त करण्याच्या सोयीत) ६० हर्ट्झच्या खाली चार डेसिबल वाढव आणि एकूण पातळी तितकीच उतरव, नाहीतर आवाज फाटेल. मेटलला ती पट्टी पुन्हा शून्यावर आण.

लेले काका (ए-२०२): चार डेसिबल वाढव?

चिटणीस (सी-२०३): विषय मिटला असे समजतो.

कदम वहिनी (बी-४०२): एम२०एक्स मागवला आहे. बाबांनी वरच्या २४० रुपयांसाठी त्याच्या पुढच्या महिन्याच्या खाऊच्या पैशांवर हक्क सांगितला. आता तो बास स्पीकर कोणाला हवा असल्यास विनामूल्य द्यायचा आहे.

देशपांडे काका (बी-३०२): वाया घालवू नये. सोसायटीच्या सभागृहात दिवाळी पहाटेसाठी उपयोगी पडेल.

फाटक आजोबा (बी-१०१): सभागृह माझ्या शयनगृहाच्या भिंतीला लागून आहे, देशपांडे.