वादळ, विमा आणि पंचनामा : तुमचे अनुभव सांगा

कोथिंबीरवडी (केटी, टेक्सास)
१ जून उजाडला की आमच्याकडे वादळांचा मोसम सुरू होतो, तो थेट ३० नोव्हेंबरपर्यंत. शेजारी पुण्याचं नवं जोडपं राहायला आलंय. त्यातली बायको काल कुंपणावरून विचारत होती, "काकू, टॉर्च आणला, पाणी आणलं, अजून काय?" एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हा धागा. टॉर्च-पाण्याच्या याद्या हव्या तिथे मिळतात, त्या नकोत. तुम्ही काय विसरलात आणि नंतर मदत मिळवताना गाडी कुठे अडली, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. ऑगस्ट २०१७, हार्वी. वादळ २५ तारखेला रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं, म्हणजे आमच्यापासून चांगलं लांब. वारा असा फारसा लागलाच नाही. पण ते पुढे सरकेना आणि पाऊस थांबेना. आमचं घर बार्कर धरणाच्या वरच्या अंगाला. धरण म्हणजे तरी काय, एरवी कोरडं रान, लोक सायकली चालवतात. त्याचं पाणी फुगत फुगत मागे आमच्या गल्लीत आलं, तेही पाऊस ओसरायला लागल्यावर. सकाळी चहा घेऊन खिडकीत उभी होते, तर रस्त्यावरच्या गटाराच्या जाळीतून पाणी बुडबुडत वर येत होतं. चहा संपेपर्यंत ते पत्रपेटीच्या खांबाशी. आम्ही देवघर वर नेलं, तांदळाची पोती वर नेली. लग्नाचे अल्बम खालच्या कपाटात राहिले.

आमचा भाग पूररेषेच्या नकाशात नव्हता. कर्ज देणाऱ्याने पूरविम्याची सक्ती केली नाही, म्हणून आम्हीही घेतला नाही. घराचा विमा आहे की! तर, घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याने उडालेलं छप्पर बसतं, जमिनीवरून घरात शिरलेलं पाणी बसत नाही. पूरविमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत घराला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलरपर्यंत मिळतो, आणि साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. टीव्हीवर वादळाचं चक्र दिसल्यावर एजंटला फोन करून उपयोग नाही.

मग फेमाकडे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आपत्ती-मदत खात्याकडे, अर्ज. पहिलं पत्र आलं : अपात्र. नवऱ्याने ते टेबलावर टाकलं, म्हणाला, संपलं. मी दोन दिवसांनी नीट वाचलं. आत लिहिलं होतं की विमा कंपनीचं उत्तर जोडलेलं नाही. चूक आमचीच होती. कंपनीकडून "पुराचं नुकसान आमच्या पॉलिसीत येत नाही" असं लेखी मागवलं आणि अपील केलं. त्याला पत्राच्या तारखेपासून ६० दिवस असतात. पैसे आले. घर उभं राहण्याइतके नाहीत, पण आले. आमच्या ओळखीतल्या तिघांनी "अपात्र" शब्द वाचून पुढचं वाचलंच नव्हतं.

गवतीचहा (ह्यूस्टन)
आम्ही एच-१बीवाले, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, त्यामुळे "आपल्याला काय मिळणार" हे ठरवूनच बसलो होतो. ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं. कॅटेगरी एक, म्हणजे हरिकेनमधली सगळ्यात खालची पायरी, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. शेजारचा ओक आमच्या छपरावर आला आणि वीस लाखांवर जोडण्यांची वीज गेली. आमची सहा दिवस. कुठे वीज आहे हे बघायला लोक व्हॉटाबर्गर या बर्गरच्या दुकानांच्या अॅपमध्ये कुठलं दुकान उघडं आहे ते बघत होते, आम्हीही!

मंडळातल्या एका ताईंनी सांगितलं ते इथे लिहून ठेवते. फेमाची रोख मदत नागरिक, ग्रीनकार्डवाले आणि आणखी काही ठरावीक गटांना मिळते, एच-१बीला नाही. पण घरात नागरिक असलेलं मूल असेल तर आईबाप त्याच्या वतीने, त्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर अर्ज करू शकतात. आमची लेक तेव्हा तीन वर्षांची. सरकारदरबारी अर्जदार ती! निवारा, जेवण, समुपदेशन यांना तर व्हिसा विचारत नाहीत.

दुसरं, जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये लावू नका, गॅरेजचं दार उघडं ठेवूनही नाही. धुराला वास असेलच असं नाही, आणि माणसं झोपेत जातात.

फ्रीझरची एक युक्ती. वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. आईने करून दिलेल्या पुरणपोळ्या मी त्या नाण्याकडे बघून टाकल्या. रडतच.

टॅम्पाबेकर
आमच्या फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला २०२४ मध्ये १३ दिवसांत दोन वादळं. २६ सप्टेंबरला हेलीन. ते लागलं लांब, पेरीकडे, पण खाडीचं पाणी आमच्या घरात मांडीपर्यंत. भिजलेले सोफे, गाद्या, कापून काढलेल्या भिंती, सगळं रस्त्याकडेला ढीग करून ठेवलेलं. ते उचललं जायच्या आत ९ ऑक्टोबरला मिल्टन. आता वाऱ्याने आपल्याच गाद्या आपल्याच खिडकीवर येतात की काय ही भीती. बेसबॉलच्या ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर फाटलेलं तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल.

कागदांची गंमत पुढे. हेलीनचा अर्ज वेगळा, मिल्टनचा वेगळा. पाण्याचं नुकसान पूरविम्याकडे, वाऱ्याचं घराच्या विम्याकडे. कुठला डाग, कुठली भेग कुठल्या दिवशीची, हे सिद्ध कोण करणार? बायकोने हेलीननंतर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला होता, पाण्याच्या खुणेवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली होती. मी तेव्हा हसलो होतो. गालिचा टाकताना हातभर तुकडा कापून पिशवीत ठेवा, हेही तिचंच. तपासनीस चार आठवड्यांनी येतो आणि विचारतो, कुठल्या प्रतीचा होता?

आणि वाऱ्याच्या दाव्यात तुमचा वाटा किती, तो आत्ताच पॉलिसीत बघा. आमचा घराच्या विमारकमेच्या दोन टक्के. चार लाखांच्या घराला पहिले आठ हजार आपले. मी तो आकडा टक्क्यात वाचून सोडून दिला होता.

एडिसनची सून
आमच्या न्यू जर्सीला सँडी वादळ, २९ ऑक्टोबर २०१२. दिवाळी दोन आठवड्यांवर. वीज नऊ दिवस नाही, पेट्रोलला सम-विषम. गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा बघून १२ काउंटींमध्ये पेट्रोल. तेव्हापासून ऑक्टोबरमध्ये टाकी अर्धी झाली की भरते आणि घरात सुटे डॉलर ठेवते, कारण कार्डाची मशीनं बंद होती. दडपे पोह्यांना गॅस लागत नाही हे सासूबाईंनी आठवण करून दिलं. बाकी वर आलंच आहे.

वाडीवाला
तुमचं वाचून बरं वाटलं म्हणणार नाही, पण ओळखीचं वाटलं. मी ठाण्यात, आईवडील श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा लॉकडाऊन. दुपारी फोन तुटला तो चौथ्या दिवशी लागला. आई एवढंच म्हणाली, "घरातून समुद्र दिसतो रे." मधे आमची आणि शेजाऱ्यांची मिळून नारळी-पोफळीची दाट वाडी होती. समुद्र कधी दिसत नसे.

माझी चूक ही, की वाट मोकळी करायला बाबांनी पडलेली झाडं तोडून बाजूला केली आणि मी फोनवर "करा, करा" म्हणालो. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मोजायला बुंधे अर्धेच उरलेले. फोटो नाहीत. फोन चार्ज करायला वीजच नव्हती. टेम्पोवर जनरेटर घेऊन एक जण घरोघरी तासाच्या भाड्याने पाण्याची टाकी भरून देत असे, त्यातच आधी मोबाइल लावा, हे नंतर सुचलं.

फळबागेची भरपाई आधी हेक्टरी होती. वाढवून हेक्टरी ५० हजार केली, पण आमच्याकडे वाड्या गुंठ्यात, आणि एका गुंठ्यात नारळ, पोफळ, जायफळ, मिरी एकमेकांच्या अंगावर. गुंठ्याचा हिशेब लावला तर हाती पाचशे रुपये. ओरड झाल्यावर झाडामागे द्यायचं ठरलं : नारळाला २५०, सुपारीला ५०. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, तुम्हीच ठरवा. पण मोजणी तरी झाडांची झाली.

पुढचं अडलं सातबाऱ्यावर. त्यावर अजून आजोबा आणि त्यांचे दोघे भाऊ. वारस धरून अकरा हिस्सेदार : बोरिवली, नाशिक, एक आत्या बडोद्याला. पैसे एका खात्यात घ्यायचे तर सगळ्यांची संमतीपत्रं. लॉकडाऊनमध्ये! आत्याने सही करून फोटो पाठवला, तो चालला नाही, मूळ कागद हवा. तो ऑगस्टमध्ये आला. वारसनोंद आधी केलेली असती तर तीन महिने वाचले असते. ती आम्ही २०२१ मध्ये केली.

कोथिंबीरवडी
वाडीवाले, वारसनोंदीचं मी आजच भावाला कळवलं. आमचीही राहिलीय.

नवीन_केटीकर
काकू, मी कुंपणापलीकडची. आज एजंटशी बोललो, पूरविमा १ जुलैपासून लागू होईल. आमचं घर बैठं आहे. तोवर एक खोका तुमच्या वरच्या मजल्यावर ठेवाल का? पासपोर्ट, मार्कशीटा आणि लग्नाचा अल्बम.